चार ओळींची जागा

काथोडदादा,

तुम्हाला गोरं केलेलं नाही. आधी तेवढं सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही तुम्ही ऐकून घेणार नाही.

तुमच्या सुवर्णाने फोटो पाठवला तो तिच्याच लग्नातला. डोक्यावर फेटा, कपाळाला गंध, आणि बाजूला कुणाचा तरी अर्धा खांदा. खांदा कापला, फेटा ठेवला, मागे आपलं नेहमीचं निळं आभाळ टाकलं. चेहऱ्याला हात लावला नाही. मेलेल्या माणसाला उजळ करणं हे माझं रोजचं काम. घरची माणसं फोटो देतानाच तसं सांगतात. पण तुम्ही दुकानातल्या त्या मोडक्या स्टुलावर बसून मला बजावलं होतं, की मी गेलो की मला गोरा करू नको, वर हिरा मला ओळखायची नाय. म्हणून बदलापूर गावाच्या चौकात बॅनरवर तुम्ही होतात तसेच लागलात, काळेसावळे, आठ फूट उंच.

फक्त फोटोखाली चार ओळींची जागा मी कोरी सोडली. दशक्रियेची वेळ होती, नदीचा घाट होता, शोकाकुल म्हणून सगळ्या भावकीची नावं होती. ओळी नव्हत्या. लोक म्हणाले, छापायचं राहिलं. आमच्या दुकानाचे मालक लच्छूशेठ माझ्यावर असे भडकले की दोन दिवस आमचा चहा वेगवेगळा झाला. ज्या माणसाने अर्ध्या तालुक्याच्या मयताला ओळी दिल्या, त्याच्याच बॅनरवर पांढरा पट्टा!

तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी पहिल्यापासून सांगते. मला मधूनच सुरुवात करता येत नाही. आणि आता तुम्ही मध्ये तोंड घालू शकत नाही, तेवढा एक फायदा.

तुम्ही दुकानात पहिल्यांदा आलात ते तुमच्या आईच्या बॅनरसाठी. अंबरनाथच्या केमिकल कंपनीतून पहिली पाळी सुटून तसेच उल्हासनगरला आलेले, अंगाला तो आंबूस वास. फ्लेक्सचं मशीन तेव्हा नवीन होतं आणि मीही कॉम्प्युटरवर नवीन होते. मी फाइलमधल्या तयार ओळी टाकल्या. क्रूर काळाने घाला घातला, सूर्य मावळला, फुलेही कोमेजली, असं सगळं. तुम्ही चष्मा लावून वाचलंत आणि माझ्या टेबलावरचं पेन उचललंत. म्हणालात, "काळ कशाला क्रूर? त्याला माझ्या आईचं नावपण माहीत नव्हतं." मग पावतीच्या मागे चार ओळी लिहून दिल्यात. त्यात तुमच्या आईची गोधडी होती आणि गोधडीवर पडलेलं ऊन होतं. मला त्या काही खास वाटल्या नाहीत. पण बॅनर लागल्यावर दोन दिवसांत तिघंजण विचारत आले, की ते लिहिणारे कोण.

त्यानंतर वर्षानुवर्षं पाळी सुटली की तुम्ही हजर. रिटायर झालात तरी तीच वेळ. दारातूनच विचारायचात, "काय गो शैला, आज कोण गेला?" जसं काय भाजी कोणती केली विचारताय. मी नाव सांगायची, तुम्ही स्टूल ओढून बसायचात आणि घरच्या माणसाला विचारायला लागायचात. काय करायची बाई? कुठे बसायची? हातात काय असायचं? मेथी विकणाऱ्या एका म्हातारीचा मुलगा आला होता, अंबरनाथ पश्चिमेला स्टेशनाबाहेर बसायची ती. त्याला तुम्ही लिहून दिलंत:

तुझी टोपली रिकामी
मेथी उद्याही उगवेल
भाव विचारायला गिऱ्हाईक
त्याच कोपऱ्यावर थबकेल

तो पोरगा तुमच्या गळ्यात पडून रडला. पण सगळेच नाही रडायचे. कित्येकांनी कागद परत दिला. म्हणाले, आमची आई गेली नि तुम्ही मेथीचं काय सांगता? काहीतरी आभाळ कोसळल्यासारखं लिहा. मग मी मुकाट्याने फाइल उघडायची आणि तुम्ही शेठच्या चहात बिस्किट बुडवत बसायचात.

आपलं भांडण तिथलंच. एकच भांडण, पण आपण त्याचं इतकी वर्षं लोणचं घातलं. तुमचं म्हणणं, नदी थांबली असं लिहायचं नाही, कारण ती थांबत नाही. झाड रडलं असं लिहायचं नाही, कारण ते रडत नाही. माणूस मेला की माणसं घड्याळ बघतात, दहावा मोजतात, तेरावा मोजतात, वर्षाचं ठरवतात. नदी काही मोजत नाही. कवितेने हे दोन्ही शेजारी ठेवायचं आणि गप्प बसायचं. मी म्हणायची, दादा, ज्याच्या घरात मयत झालंय त्याला कशाला हे शहाणपण? चार ओळी म्हणजे पाठीवरचा हात. तो खरा की खोटा, कोण बघतं. तुम्ही म्हणायचात, पाठीला कळतं.

आणि आपल्या धंद्यातलं ते निळं होणं. मी तुम्हाला सांगितलं होतं, बॅनर उन्हात राहिला की ऊन आधी लाल खातं, मग पिवळा. निळा शेवटपर्यंत टिकतो. म्हणून महिनोन्महिने लटकलेल्या बॅनरवरची माणसं निळी पडतात. त्या दिवसापासून तुम्हाला खेळच मिळाला. रिक्षातून जाताना खांबावरचे निळे चेहरे मोजायचात. कोण पुढारी, कोण वाढदिवसवाला, कोण स्वर्गवासी, काही ओळखू येत नाही म्हणायचात. मला सांगायचात, बघ, उन्हाला कोणाची जात माहीत नाय, कोणाचं मरण माहीत नाय. श्रद्धांजली द्यावी तर उन्हाने. माझ्या अंगावर काटा यायचा. मी म्हणायची, पुरे, संध्याकाळ झाली, जा घरी, वहिनी वाट बघतायत.

माझ्या घरात मयत झालं तेव्हा तुम्ही मला पण सोडलं नाहीत. आमचे हे गेले ते भर दुपारी. घराच्या मागून तो नाला जातो, वालधुनीला मिळणारा, जीन्स धुतलेलं पाणी येऊन कायम निळा. मी दारात बसले होते आणि तो वाहत होता. मला त्याचा एवढा संताप आला की उठून त्याला दगड मारावा. दुसऱ्या दिवशी तुम्ही कागद दिलात:

तुम्ही गेलात दुपारी
नाला निळाच वाहत होता
दाराशी तुमची चप्पल
एक पाऊल पुढे होती

मी तो कागद ड्रॉवरमध्ये कोंबला आणि बॅनरवर फाइलमधलं टाकलं, वालधुनीही स्तब्ध झाली वगैरे. मला नाला थांबायला हवा होता हो दादा. एक दिवस. अर्धा दिवस. तुम्ही चौकात बॅनर पाहिलात आणि बाकीच्या वेळी भांडायचात तसं भांडला नाहीत. कागद अजून ड्रॉवरमध्ये आहे. त्या दुपारचं आता मला दुसरं काही आठवत नाही, कोण आलं, कोण रडलं, कुणी खांदा दिला. ती चप्पल तेवढी आठवते. एक पुढे, एक मागे, जसं काय लगेच निघायचं होतं. हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

आता हिरावहिनींचं.

तुमच्या परसातलं जांभूळ वहिनींनी बी टाकून वाढवलेलं. सात-आठ वर्षं नुसता पाला. मग एका ग्रहणात त्या मुसळ घेऊन गेल्या, झाडाला सात वेळा ठोकलं आणि दम भरला, की फळ दिलं नाहीस तर चुलीत घालीन. पुढच्या उन्हाळ्यात काही नाही. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात झाड असं लगडलं की वहिनी पाटी घेऊन आमच्या दुकानात वाटायला आल्या. शेवटपर्यंत त्या म्हणायच्या, माझ्या मुसळाला भ्यालं. तुम्ही म्हणायचात, त्याला ग्रहण माहीत नाय नि मुसळ माहीत नाय, त्याचं वय झालं, ते फळलं. दर उन्हाळ्यात तुम्हा दोघांचं हेच भांडण मी ऐकायची, आणि जांभळं खात दोघांना हो म्हणायची.

आणि तीन वर्षांपूर्वी त्याच झाडाखाली त्या गेल्या. सकाळी जांभळं वेचायला म्हणून गेल्या, पाटी निम्मी भरली होती. तुम्ही चहाला हाक मारलीत. परत मारलीत. मग उठून गेलात.

दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः दुकानात आलात. त्या दिवशी दारातून विचारलं नाहीत. कागद टेबलावर ठेवलात, फोटो दिलात आणि स्टुलावर न बसता निघून गेलात. कागदावर होतं:

तू गेलीस त्या सकाळी
झाड जांभळे टाकत होते
कोणी त्याला सांगितले नाही
मीही नाही सांगितले

मी ते वाचलं आणि माझं डोकं फिरलं. असं कोणी लिहितं आपल्या बायकोला? वहिनींचे भाऊ येणार, भावकी येणार, चौकात उभे राहून वाचणार. म्हणतील, बाई मेली आणि हा झाडाचं सांगतोय. तुम्हाला नावं ठेवतील, हे मी माझ्या मनाला सांगितलं. खरं कारण तेव्हा मलाच कळलं नव्हतं. माझ्या पोटात तो नाला अजून वाहत होता. मी तुमची पहिली ओळ ठेवली आणि बाकीच्या तीन बदलल्या:

तू गेलीस त्या सकाळी
झाडही ढसाढसा रडले
पान पान गळून पडले
अंगण सारे ओले झाले

जांभळाची पानं त्या दिवसात गळतसुद्धा नाहीत. तेवढंही मी पाहिलं नाही. मशीनला लावलं आणि छापून टाकलं.

चार दिवसांनी तुम्ही आलात. मी तयारीत होते. तुम्ही ओरडाल, मी ओरडेन, शेठ दोघांना गप्प करतील, आणि मग मी म्हणेन, चुकले. एवढं सगळं मी ठरवून ठेवलं होतं. तुम्ही चहा प्यायलात आणि म्हणालात, "फ्लेक्स चांगला निघालाय. रंग छान बसलेत." आणि शेठशी पाण्याच्या टँकरचं बोलायला लागलात.

त्यानंतर तुम्ही एकही ओळ लिहिली नाहीत. येत राहिलात, "काय गो शैला, आज कोण गेला?" विचारत राहिलात, मी नाव सांगितलं की मान हलवायचात आणि पेपर उघडायचात. कोणी ओळी मागितल्या तर माझ्याकडे बोट दाखवायचात. म्हणजे मीच. तीन वर्षं या भागातल्या प्रत्येक मयताला मी नदी थांबवून दिली. तुम्ही शेजारी बसलेले असायचात आणि माझी मान अवघडायची. ह्याच्यापेक्षा तुम्ही एकदा चारचौघांत माझा पाणउतारा केला असतात तर बरं झालं असतं. चुकले म्हणायला एक शब्द पुरतो, पण तुम्ही कधी त्याला जागाच दिली नाहीत. आणि मीही कमी नाही, मीही मागितली नाही.

गेल्या महिन्यात शेवटचे आलात तेव्हा पिशवीत जांभळं होती. यंदा झाडाने भरपूर धरलंय, म्हणालात. जिना चढताना दम लागला होता. मी जांभूळ तोंडात टाकलं, बी काढली आणि म्हटलं, दादा, ते वहिनींचं... तेवढ्यात पालेगावच्या नव्या टॉवरमधलं एक जोडपं गृहप्रवेशाचा बॅनर करायला आलं. तुम्ही उठलात. "बोलू की," म्हणालात. "मी काय कुठे जातोय?"

खोटं बोललात. आयुष्यात एकदाच, आणि ते माझ्याशी.

बातमी सुवर्णाने दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बदलापूर गावात तुमच्या घरी आले. सुवर्णा आत बायकांत बसली होती, मला बघून बाहेर पडवीत घेऊन आली. म्हणाली, शैलामावशी, बॅनरवरच्या ओळी तुम्हीच लिहायच्या, बाबांनी सांगून ठेवलंय. मी म्हटलं, कधी सांगितलं? ती म्हणाली, केव्हाचंच. मी तिथल्या तुमच्या खाटेवर बसले. आणि काय करावं सुचेना म्हणून वर पाहिलं.

वर वहिनी होत्या.

गळक्या पत्र्याच्या आत तो फ्लेक्स ताणून बांधला होता, छापील बाजू खाली करून. खाटेवर पडलं की बरोबर तोंडासमोर वहिनींचा चेहरा, आणि त्याखाली हातभर अक्षरात माझ्या ओळी. झाडही ढसाढसा रडले. लोक जुन्या फ्लेक्सने लाकडं झाकतात, गोठा झाकतात, ते मला माहीत आहे. पण लोक छापील बाजू बाहेर करतात. तुम्ही तीन वर्षं रोज ते वाचत उठत होतात, दादा. वाचत झोपत होतात.

सुवर्णाने माझ्याकडे बघून सांगितलं, की बॅनर चौकात लागून आठवडाच झाला असेल, बाबा स्वतः शिडी लावून काढून घेऊन आले. म्हणाले, उन्हात निळी पडेल ती.

मी परत वर पाहिलं. वहिनींच्या कपाळावरचं कुंकू लाल होतं. साडीची किनार पिवळी होती. मी मशीनमधून काढला होता तसाच सगळा रंग.

म्हणजे उन्हाच्या श्रद्धांजलीचं कौतुक सांगणारे तुम्ही, बायकोला उन्हातून उचलून सावलीत घेऊन आलात. काय म्हणायचं ह्याला? मला तिथेच तुम्हाला हलवून विचारावंसं वाटलं, मग मी काय वेगळं केलं होतं? सुवर्णाला मी विचारलं, त्या ओळींबद्दल कधी काही बोलले का? ती म्हणाली, हो, मी एकदा म्हटलं होतं की बाबा, छान लिहिलंय तुम्ही. तर म्हणाले, ते माझं नाय, शैलाचं हाय. मग वर बघत म्हणाले, "आमचं दोघांचं अजून ठरलेलं नाय."

त्या दुपारी मी दुकानात येऊन तुमचा फोटो उघडला. चार ओळींच्या जागी कर्सर लुकलुकत होता. नदी थांबली लिहिते म्हटलं तर तुम्ही स्टुलावरून बघत होतात. नदी वाहते लिहिते म्हटलं तर वहिनी वरून बघत होत्या. शेठ म्हणाले, "शैलाताई, कुछ भी डाल दो, टाइम हो गया." मी कोरंच मशीनला लावलं.

दहाव्याला घाटावर मी मागे पायऱ्यांवर उभी होते. खरं सांगू का, माझ्या मनात एक आशा होती. मला वाटत होतं कावळा यायचा नाही. सगळे ताटकळतील, हे बोलतील, ते कबूल करतील, सुवर्णा रडेल, तरी कावळा शिवणार नाही. मग मी पुढे होईन आणि सगळ्यांसमोर म्हणेन, दादा, तुमच्या ओळी मी बदलल्या, चुकले. आणि मग तो येईल. इतकी वर्षं श्रद्धांजलीचे बॅनर करून माझं डोकं असंच चालायला लागलंय.

भटजी पिंडापासून मागे सरकलेपण नव्हते, तोच कावळा उतरला. एक नाही, तीन. भाताची शितं उडवत, एकमेकांना टोचत खायला लागले. लोक म्हणाले, सुटला बिचारा, काही मागे राहिलं नाही. बायका म्हणाल्या, पुण्यवान. आणि मला असा अपमान झाल्यासारखा वाटला की मी तोंड फिरवलं. काही राहिलं नाही? माझ्याशी बोलायचं राहिलं नव्हतं? मग ठरायचं होतं ते काय होतं? खाली उल्हास वाहत होती, तिच्यावरून कुणाची तरी झेंडूची माळ चालली होती. मला तुमचा आवाज स्पष्ट ऐकू आला. कावळ्याला भूक लागली गो, शैला. त्याला काय माहीत कोणाचा भात.

जेवणाला तुमच्या घरी आलो. पंगत बसायची होती, मी मागच्या दाराने परसात गेले. झाडाखाली जांभळांचा नुसता सडा, जमीन काळीनिळी. वेचायला कोणी नाही. पाटी भिंतीला उपडी टेकवलेली.

मी झाडाजवळ गेले. कोणी बघत नाही ना पाहिलं. आणि त्याला सांगितलं.

"हिरावहिनी गेल्या. तीन वर्षं झाली. आता काथोडदादा पण गेले."

मोठ्याने सांगितलं, बहिऱ्याला सांगतात तसं. मग उभी राहिले. सगळे घाटावर कावळ्यासाठी उभे होते ना, तशीच. काहीतरी व्हायला पाहिजे होतं. निदान वारा. काही झालं नाही, दादा. एक जांभूळ पडलं, मग थोड्या वेळाने दुसरं, आणि ती माझ्या सांगण्यामुळे पडली नव्हती, कारण मी यायच्या आधीपासून पडत होती. आतून कोणीतरी मला जेवायला हाक मारली. परत मारली. माझा पाय उचलेना. तशीच किती वेळ उभी होते कोण जाणे. शेवटी सुवर्णा आली, माझ्या शेजारी येऊन तीही उभी राहिली. आम्ही दोघी तिथे थांबलो होतो. झाड आपलं काम करत होतं.

ओळी तेव्हा आल्या. मी पंगतीत बसून त्या मनात धरून ठेवल्या, वरण सांडलं तरी.

तशीच दुकानात आले, पांढऱ्या पट्टीवर त्या छापल्या आणि शेठना म्हटलं, गाडी काढा. बिचारे स्कूटरवर मला मागे बसवून, शिडी भाड्याच्या टेम्पोत टाकून बदलापूर गावात आले. चौकात शिडी लावली आणि साठीच्या पुढचा माणूस स्वतः वर चढला. कोऱ्या जागेवर पट्टी चिकटवली, हाताने घासून बुडबुडे काढले, खाली उतरून लांब जाऊन उभे राहिले आणि वाचलं:

काथोड गेला. नदी राहिली.
जांभूळ वेळेवर पिकले.
ज्यांना थांबणे जमते
ती माणसे तेवढी थांबली.

शेठनी पट्टीचा उरलेला कागद चुरगळून खिशात घातला. मग रुमालाने डोळे पुसले आणि म्हणाले, "उसी का है ना ये? लिखके गया था?" मी हो म्हटलं. आता तुम्ही खोटं बोललात, मी पण बोलले. फिटंफाट.

पण ते अर्धंच खोटं आहे. त्यातलं अर्धं तुमचं आहे, दादा. मेथीवाल्या म्हातारीच्या कोपऱ्यावर ते गिऱ्हाईक तुम्हीच थबकवलं होतंत. तुम्ही ते कधीचं लिहून बसला होतात आणि मी इतकी वर्षं नदीला थांबवायला निघाले होते. त्याबद्दल चुकले. वहिनींच्या ओळी बदलल्या त्याबद्दलही चुकले. झालं, म्हटलं एकदाचं. म्हणजे मोकळं वाटेल असं वाटलं होतं. वाटत नाही.

तेरावा झाला आणि बॅनर उतरला. काल सुवर्णाने मला घरी बोलावलं. जावई शिडी घेऊन पडवीत उभे होते. तुमचा फ्लेक्स त्यांनी वहिनींच्या शेजारी ताणून बांधलाय, छापील बाजू खाली. सुवर्णा म्हणाली, पावसाच्या आत पत्र्याखाली काहीतरी लागणारच होतं, मग हेच. आता वर दोघं शेजारी शेजारी आहात. वहिनींच्या खाली रडणारं झाड, तुमच्या खाली न रडणारं. दोन्ही माझ्याच हातचं. तुमचं आणि वहिनींचं मुसळाचं ठरायचं होतं, आपलं ओळींचं ठरायचं होतं. भांडा आता.

सुवर्णा आत चहा टाकायला गेली तेव्हा मी तुमच्या खाटेवर आडवी झाले. लाज वाटली नाही. खाटेचा मधला भाग तुमच्या पाठीने खोल गेलाय, मी त्यात बरोबर बसले. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. तुम्ही त्या फोटोत कॅमेऱ्याकडे बघत नाही, त्या कापलेल्या खांद्याकडे बघता आहात. तो कोणाचा होता ते सुवर्णाला विचारलं. आईचा, म्हणाली.

वरच्या पत्र्यावर जांभूळ पडलं. टप्प. हंगाम संपत आलाय, आता एक पडलं की दुसऱ्याला वेळ लागतो. दर आवाजाला मला वाटायचं, आता दारातून तुम्ही विचाराल, काय गो शैला, आज कोण गेला? आणि मला नाव सांगावं लागेल. चहा आला, निवला, सुवर्णा कप परत घेऊन गेली. तुम्ही विचारलं नाहीत. मी नाव तोंडात धरून तशीच पडून राहिले.